डावा कान

अण्णा बोलले एक आणि मी त्या माणसाला इंग्रजीत सांगितलं दुसरंच. एवढीच गोष्ट. कोणाचं काही बिघडलं नाही, तो माणूस खूश झाला, अण्णाही पुढे काही बोलले नाहीत. पण स्वानेजहून परत येऊन आता सात-आठ महिने होत आले, तरी भांडी घासताना, बसची वाट बघताना ते वाक्य मधूनच वर येतं.

अण्णा पहिल्यांदाच इंग्लंडला आले होते. आई गेल्यापासून कुर्डुवाडी सोडायला तयार नव्हते. दोन वर्षं मागे लागले तेव्हा कुठे आले, तेही बॅगेत अर्ध्याहून जास्त कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचे डबे भरून. लंडन दाखवलं. राजवाड्यासमोर उभे राहून म्हणाले, बरं आहे. नदी, पूल, म्युझियम, सगळं बरं होतं. मला हवी होती ती चमक काही त्यांच्या डोळ्यांत दिसेना. मग एका रात्री सुचलं. ज्या माणसाचं सगळं आयुष्य रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेलं, त्याला राजवाडे काय दाखवतेस? वाफेचं इंजिन दाखव. साउदम्प्टनपासून गाडीनं तासा-सव्वातासावर, डॉर्सेटच्या किनाऱ्यावर स्वानेज नावाचं गाव आहे. तिथे अजून कोळशावर गाडी धावते. माझ्या मुलांना दोनदा नेलं होतं. तिकिटं काढली आणि अण्णांना सांगितलं नाही. सरप्राइज.

आता वाटतं, सरप्राइज हा प्रकार देणाऱ्यासाठीच असतो जास्त.

गाडी नॉर्डनला लावली. गावात पार्किंगची मारामार असते, म्हणून लोक इथेच मोटार ठेवून पुढे आगगाडीनं जातात. प्लॅटफॉर्मवर हिरवा-क्रीम रंग दिलेले खांब, जुन्या पद्धतीच्या पाट्या, कुंड्यांतून लाल फुलं. अण्णा हात मागे बांधून सगळं निरखत होते, खाली वाकून रुळांमधलं अंतर डोळ्यांनी मोजत होते. ‘मोठी लाइन आहे,’ म्हणाले. आमच्या कुर्डुवाडीची ती छोटी लाइन, अडीच फुटांची. मग लांबून शिट्टी ऐकू आली. मी मोबाइल काढून तयारच. इंजिनाचा व्हिडिओ मला घ्यायचा नव्हता, मला अण्णांचा चेहरा टिपायचा होता. तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. त्यात अण्णा खिशातून रुमाल काढतात, घडी उलगडतात आणि नाकावर धरतात. गाडी थांबेपर्यंत तो रुमाल तिथेच.

नॉर्डन सुटलं की लगेच कॉर्फ येतं. टेकडीवर पडक्या किल्ल्याचे सुळके उभे आहेत, किडलेल्या दातांसारखे वाकडेतिकडे. 1646 साली, त्यांच्या यादवी युद्धात, पार्लमेंटच्या फौजेनं तो जिंकला आणि पुन्हा कोणाच्या कामी येऊ नये म्हणून सुरुंग लावून उडवला. डब्यातली सगळी माणसं त्या बाजूच्या खिडक्यांना चिकटली. किल्ला म्हटल्यावर आपल्या माणसानं मान वळवायला हवी, पण अण्णा डब्याचं छत बघत होते. दिव्यांची काचेची टोपणं, सामान ठेवायच्या जाळ्या, सीटचं जाड, टोचरं कापड. 1950च्या दशकातले डबे असतात हे. कोणीतरी रेक्झिन बदलून कापड बसवलं असेल, स्क्रू मात्र सगळे एका रेषेत आहेत, एवढं त्यांनी मला सांगितलं. हार्मन्स क्रॉस, हर्स्टन, आणि पंचवीसेक मिनिटांत स्वानेज.

तिथे इंजिनाला गाडीपासून सोडवून दुसऱ्या टोकाला नेतात. तो सोहळा बघायला लोक कडेला उभे राहतात, आम्हीही राहिलो. निळ्या डगल्यातला एक म्हातारा, अण्णांच्याच वयाचा, हातात कॉटन वेस्टचा गोळा घेऊन पितळेचा पाइप पुसत होता. मी फार हौसेनं त्याला म्हटलं, माझे वडील भारतात रेल्वेत होते, वाफेच्या इंजिनांवर काम केलंय त्यांनी. त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. हातातलं काम टाकून पुढे आला. विचारलं, मग कसं वाटतंय त्यांना, इतक्या वर्षांनी?

मी अण्णांच्या उजव्या बाजूला सरकून त्यांना मराठीत विचारलं. अण्णांनी इंजिनाकडे पाहिलं, त्या माणसाकडे पाहिलं. अगदी शांतपणे, समजा घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं म्हणाले, ‘त्याला सांग, माझा डावा कान यानं खाल्ला.’

मी म्हटलं, वडील म्हणतात की तुम्ही इंजिन फार सुंदर ठेवलंय.

तो म्हातारा अण्णांचा हात धरून दोन्ही हातांनी हलवत राहिला.

आमच्या घरात अण्णांशी बोलायचं म्हणजे उजव्या बाजूनं, हा नियम मला कळायला लागायच्या आधीपासून आहे. जेवताना त्यांचं पान भिंतीच्या कडेला, डावी बाजू भिंतीकडे. रस्त्यानं चालताना आई कायम त्यांच्या उजवीकडे. शाळेत एकदा ‘माझे बाबा’ निबंधात मी लिहिलं होतं की बाबांना एका बाजूनं ऐकू येतं, आणि बाईंनी ते वाक्य खोडलं. अण्णा वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे हाताखालचा गडी, म्हणून लागले तेव्हा विशीतले, अंगानं काडी. बारीक अंगाची पोरं फायरबॉक्समध्ये शिरू शकत, म्हणून ती कामं त्यांनाच. आत उकिडवं बसून घण टेकवून धरायचा, बाहेरून दुसरा गडी ठोकणार. पोलादी पेटीत बसलेल्या माणसाच्या डोक्याशेजारी ठणाठण. कानात घालायला कापूस, तोही घरून न्यायचा. कान एका दिवसात जात नाही. आधी घरी आल्यावर शिट्टी वाजत राहते, मग रविवारीही वाजते, मग एक दिवस आई डाव्या बाजूनं हाक मारते आणि तुम्ही वळत नाही. हे सगळं अण्णांनी मला कधी सांगितलेलं नाही. आईनं सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. पुढे ते फिटर झाले, डिझेल आलं, रिटायर झाले. कानाचं मशीन मी पाठवलं होतं ते कपाटात डबीत आहे.

आणि बार्शी लाइटबद्दल, म्हणजे आमच्या त्या छोट्या लाइनीबद्दल, बाकी जग काय बोलतं? आमच्या छोट्या गाडीवरचे विनोद तुम्ही ऐकले असतीलच. उतरून बोरं तोडा आणि पळत जाऊन परत चढा, म्हातारीला गाडीत बसतेस का विचारलं तर म्हणाली नको घाई आहे, वगैरे. लग्नात कोणी ते सुरू केले की अण्णा उठून पाणी प्यायला जायचे. एकदा म्हणाले, हे सगळे विनोद गाडीत बसणाऱ्यांचे आहेत. आषाढीला त्याच गाडीच्या टपावर माणसं बसून पंढरपूरला जायची आणि वर्कशॉपमधल्या लोकांना महिनाभर आधीपासून रजा मिळायची नाही.

त्या लाइनीचा जनक इंग्रजच. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. रूळ अरुंद असले तरी वजन सगळ्या चाकांवर नीट वाटलं तर भरपूर माल नेता येतो, हे त्याला सिद्ध करून दाखवायचं होतं. ते त्यानं आमच्या ओसाड माळावर दाखवलं. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी, मग पंढरपूर, मग लातूर, 1927ला मिरज. मधल्या काळात त्याच हिशेबानं त्यानं इकडे स्टॅफर्डशरमध्येही अडीच फुटी लाइन बांधली, 1904 साली. म्हणजे बार्शीत शिकून इंग्लंडात वापरलं! ती बिचारी 1934लाच बंद पडली, आता तिथे सायकलचा रस्ता आहे. आमची त्यापुढे सत्तर-एक वर्षं टिकली आणि 2000 नंतर टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. (साहेब उतारवयात विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या नादी लागला होता. अण्णांना हे सांगितलं तर पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. म्हणाले, त्याला तरी सुटायचा रस्ता सापडला.)

स्वानेजची लाइनही अशीच मेलेली होती. 1885 साली सुरू झाली, उन्हाळ्यात लंडनची माणसं भरभरून समुद्रावर आणू लागली, मग मोटारी आल्या आणि जानेवारी 1972ला सरकारनं ती बंद केली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात रूळसुद्धा उखडून नेले. पण काही लोकांनी संस्था काढली. आधी पडकं स्टेशन ताब्यात घेतलं, मग काहीशे यार्ड रूळ टाकले, मग पुढचा मैल, मग पुढचा. सहा मैलांच्या आतली लाइन, पण कॉर्फपर्यंत पोचायला 1995 उजाडलं आणि मुख्य लाइनीला पुन्हा जोडायला 2002. यातली बहुतेक माणसं बिनपगारी. शिक्षक, पोस्टमन, बँकेतले कारकून, शनिवार-रविवारी येऊन खडी टाकायची. आजही तिकीट तपासणारा, डब्यात चहा विकणारा, सिग्नलच्या खोलीतला, जवळजवळ सगळे हौसेचे. कोळसासुद्धा आता बाहेरच्या देशातून आणतात, इथली मोठी खाण 2023ला बंद झाली. मला हे सगळं पहिल्यांदा कळलं तेव्हा भरून आलं होतं. आपल्याकडे एखादं इंजिन रंग देऊन चौथऱ्यावर उभं केलं, भोवती साखळी लावली की झालं, आणि इथे बघा! असं मी कितीतरी जणांना ऐकवलं आहे. त्या दिवशी चालता चालता अण्णांनाही ऐकवलं.

‘म्हणजे तो म्हातारा फुकट पुसतो?’

‘हो.’

‘आणि वर्गणीपण भरतो?’

‘भरत असेल.’

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘त्याचे दोन्ही कान चांगले आहेत ना?’ हे टोमणा म्हणून विचारलं की काळजीनं, ते मला आजही ठरवता येत नाही.

स्वानेज गाव म्हणाल तर साधंच. अर्धचंद्रासारखा किनारा, शांत पाणी, डाव्या हाताला बॅलर्डचे पांढरेफटक कडे. अण्णांचा समुद्र म्हणजे दादरचा, तोही साहेबांच्या सभेला गेले होते तेव्हा पाहिलेला. इथलं पाणी बघून त्यांनी ‘हे तळं आहे’ असा निकाल दिला. वाळूत आम्ही डबा सोडला. मी मुलांच्या आठवणीनं चिप्स घेतल्या होत्या, व्हिनेगर मारलेल्या, गरम, पिठूळ. पहिला घास तोंडात जायच्या आत सीगलनं झडप घालून अर्धा पुडा पळवला. अण्णा निवांत कडक भाकरी मोडत होते. दुसरा पक्षी धीट होऊन त्यांच्याकडे आला, भाकरीचा तुकडा उचलला, दोन पावलं गेला आणि टाकून दिला. ‘दात नाहीत त्याला,’ अण्णा म्हणाले आणि चटणीचं बोट पुसलं. चिप्सच्या वासात ती लसणाची, शेंगदाण्याची तेलकट चटणी आणि खारा वारा. त्या एका अर्ध्या तासात मला ती चमक दिसली बहुतेक. पण मोबाइल पिशवीत होता.

या गावाची खरी गंमत दगडात आहे. पर्बेकचा दगड इथून जहाजांनी लंडनला जायचा, रस्त्यांना, इमारतींना. जहाजं रिकामी परत आणली तर कलंडतील, म्हणून येताना लंडनमधलं पाडकाम भरून आणायचे. खांब, रस्त्याच्या कडेचे लोखंडी खुंट, पुतळे. लंडनच्या पेठांची नावं असलेले खुंट अजून गल्ल्यांतून उभे आहेत. टाउन हॉलला दर्शनी भाग आहे तो लंडनच्या व्यापाऱ्यांच्या एका जुन्या वाड्याचा. आणि समुद्राकडेला, पिअरच्या पलीकडे एक मनोरा आहे, टोकदार कमानींचा, देखणा. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या स्मरणार्थ 1854 साली लंडन ब्रिजच्या टोकाला बांधला होता. दहा-बारा वर्षांतच रहदारीला आडवा येतो म्हणून उतरवला आणि इथे आणून उभा केला. घड्याळ मात्र आलंच नाही. वरती चारी बाजूंना नुसती गोल भोकं.

अण्णा त्याच्याकडे बघत किती वेळ उभे होते. मी विचारलं, काय बघताय? तर म्हणाले, ‘आतलं सामान काढून घेतलं की वस्तू हलकी होते. मग कुठंपण नेता येते.’

ते मनोऱ्याबद्दलच बोलत होते. बॉयलर उचलायच्या आधी आतल्या नळ्या काढून घेतात, तसं काहीतरी त्यांच्या डोक्यात असणार. मीच उगाच गप्प झाले. साउदम्प्टनला पंधरा वर्षं राहून माझ्या आतलं काय काय निघालंय आणि काय राहिलंय, हा विचार काही त्यांनी दिला नव्हता, तो माझाच होता.

पिअरवर गेलो. 1896चा तो लाकडी धक्का. त्याच्या फळ्यांवर छोट्या छोट्या पितळी पट्ट्या ठोकलेल्या आहेत, दुरुस्तीला देणगी दिलेल्यांच्या. अमक्याच्या आठवणीत, ज्याला इथे मासे धरायला आवडायचं. तमकीला इथे मागणी घातली. अण्णांना एकेक वाचून दाखवत होते, मराठीत करून. हे भाषांतर मात्र मी प्रामाणिकपणे केलं, अगदी शब्दाला शब्द. एका पट्टीवर नुसतं कोणा कुत्र्याचं नाव होतं. ‘कुत्र्याचंपण लावतात?’ म्हणाले आणि त्या पट्टीला पाय लागू नये म्हणून मोठं पाऊल टाकून पुढे गेले. वर्कशॉपच्या भिंतीवर कोणाचं नाव आहे का, हे मी विचारणार होते. विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं आणि मी पुन्हा एकदा उजवीकडे सरकून मोठ्यानं विचारावं असा तो प्रश्न नव्हता.

माझ्या मनात तेव्हा ते वाक्य टोचायला लागलेलंच होतं. मी तसं का केलं? सभ्यता म्हणून, हे पहिलं उत्तर. तो माणूस इतका आनंदात होता, त्याच्या आवडत्या इंजिनावर कानाचा आळ कशाला घालायचा? शिवाय हे इंजिन थोडंच त्या कानाला जबाबदार. पण खरं सांगू? मला वाईट वाटलं ते अण्णांचं. नव्हे, अण्णांचंही नाही, माझ्या बेताचं. मी आणलं होतं त्यांना आठवणीत रमायला. त्यांनी रमायला नकार दिला आणि मी तो नकार दाबून त्यांच्या तोंडी माझंच वाक्य घातलं. अण्णांना इंग्रजी बोलता येत नाही, पण ‘ब्युटिफुल’ कळतं. चाळीस वर्षं इंग्रजी मॅन्युअलं बघितलेला माणूस आहे. कान यानं खाल्ला, या वाक्यात ‘ब्युटिफुल’ कुठे बसतं हे त्यांनी मला विचारलं नाही. एवढंच, की त्यानंतर दिवसभर त्यांनी मला कोणाला काही सांगायला लावलं नाही. कॉफी हवी तर बोटानं दाखवली.

परतीच्या गाडीला वेळ होता. इंजिन आता दुसऱ्या टोकाला लागलं होतं. अण्णा स्वतःच चालत तिथवर गेले, मी मागे. रुमाल खिशातच होता या वेळी. तापलेल्या तेलाचा, ओल्या राखेचा वास. तो निळ्या डगल्यातला म्हातारा खाली रुळांच्या बाजूला उतरून चाकांपाशी काहीतरी करत होता. सुटायच्या आधी बेअरिंग तापलंय का ते बघतात. त्यानं हात पुढे केला, तळवा वर, म्हणजे हाताची मागची बाजू लोखंडाला. आणि माझ्या शेजारी, प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या, अण्णांचा उजवा हात हवेत तसाच उलटा झाला. त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. तळव्यानं बघायचं नसतं, तळव्याला घट्टे असतात, त्याला समजत नाही. मागची कातडी पातळ. लहानपणी मला ताप आला की अण्णा कपाळाला तसाच उलटा हात लावायचे. बाकीच्या मुलींचे बाबा तळवा लावायचे, ते बघून मला वाटायचं आपल्या अण्णांना नीट येत नाही.

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. हवेतला तो उलटा हात पाहिला. काही बोलला नाही, पुढच्या चाकाशी सरकला आणि हात लावून अण्णांकडे बघत मान हलवली, ठीक आहे अशी. अण्णांनी मान हलवली. मग तिसरं चाक. मी तिथे दुभाषी म्हणून उभी होते आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

डब्यात चढलो. मी सवयीनं खिडकीची जागा घ्यायला गेले, म्हणजे मी त्यांच्या उजवीकडे येते. अण्णांनी दंडाला धरून मला बाजूला केलं आणि स्वतः खिडकीशी बसले, उजवा कान खिडकीकडे. वरची सरकती काच त्यांनीच उघडली. शिट्टी झाली, एक धक्का बसला आणि इंजिनाचा तो खोल, सावकाश श्वास सुरू झाला, एक, दोन, तीन, चार. अण्णांचं बोट गुडघ्यावर ताल धरत होतं की काहीतरी मोजत होतं, कळायला मार्ग नव्हता. उन्हं उतरली होती. मेंढ्या, कुंपणं, दगडी भिंती.

हर्स्टन गेलं तेव्हा मी म्हटलं, ‘अण्णा, सकाळी त्या माणसाला मी तुम्ही म्हणालात ते सांगितलं नाही.’

अण्णा बाहेर बघत होते. काजळीचा एक कण त्यांच्या पांढऱ्या भुवईवर येऊन बसला होता. कॉर्फचा किल्ला लांबून दिसायला लागला, या वेळी त्यांनी तो बघितला. मग एकदम काहीतरी जाणवल्यासारखे ते माझ्याकडे वळले.

‘काही म्हणालीस का गं?’

‘खिडकी लावू का विचारत होते. धूर येतोय.’

‘नको,’ म्हणाले. ‘राहू दे.’